फाळका

बेंचला पाय चारच पुरेत.
त्यावर फळीसाठी आणखी दोन उभे केले
तर वाइसमध्ये धरलेला सायलेन्सर
फिरवायचा कुठे,
आणि माझी कोपरं जाणार कुठे?
म्हणून ठरलं,
वर जे राहील ते भिंतीनंच धरावं.

फळी आयतीच होती,
आबांच्या विकलेल्या ट्रकचा फाळका.
साग, दीड इंच जाड,
कोंडाईबारीचा घाट चढून-उतरून मुरलेला.
त्यावर पिवळ्या अक्षरांत : सुरक्षित अंतर ठेवा.
बेंचच्या मापानं दोन्हीकडून कापला
तेव्हा "सुर" गेलं चुलीकडे,
"वा" भुशात.
उरलं ते : क्षित अंतर ठे.

"पण किती?" मी विचारलं.
दोन टेकूंमधलं म्हणत होते मी.
"गिअरबॉक्स ठेवशी का नुस्ता बेअरिंगना डबा?"
"दोन्ही."
"मंग दीड फूट."
दीड फुटापुढे सागसुद्धा वाकतो,
दिवसाला केसभर,
आणि कळतं तेव्हा डबे मधोमध गोळा झालेले असतात.

भिंत घाईत बांधलेली.
बाहेरून सिमेंट, आत मातीचा गारा.
ड्रिल दोन बोटं गेलं
आणि एकदम हाताला काहीच लागेना.
तरी ठोकला प्लग, पिळला स्क्रू,
तो नुसता गोल गोल फिरत राहिला
सभेतल्या माणसासारखा.
मागून सुरत लाइनची मालगाडी गेली
आणि प्लग आपसूक बाहेर आला,
दुधाचा दात पडावा तसा, माझ्या चपलेवर.

आबा बोटाच्या पेरानं
टक टक करत टोकापर्यंत गेले, परत आले.
"पहिले भितले इचार, मंग भोक पाड."
एवढं म्हणून कान लावून उभे.
कुठंच भरीव नव्हतं.

मग आरपार बोल्ट.
पलीकडून लोखंडी पट्टी, त्यावर नट.
पलीकडे म्हणजे कोकिळाबाई शिंपींचं स्वयंपाकघर.
त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही.
"मन्ही भितले दहा भोकं?
पाड.
पन त्या बोल्टवर मी मन्ही चाळनी टांगसू."

जुबेरनं अँगलच्या पाच कैच्या वेल्ड करून दिल्या,
पंचेचाळीस अंशांत कर्ण,
आणि त्या दिवशी अमळनेरलाही तेवढंच तापमान.
लोखंड हातात धरवत नव्हतं, गोणपाटात गुंडाळून आणलं.
आबांनी टॉवेलाची चुंबळ केली,
फाळका डोक्यावर घेतला
आणि म्हणाले, आवळ.
दहा वेळा आवळायचं होतं.

भोकातून फोडणीचा वास येत होता.
मी इकडून बोल्ट सारला की
तिकडून आवाज, "हाऊ कथा फिरावू?"
घड्याळासारखा, मी ओरडले.
"आम्हनं घड्याळ बंद शे."
तरी फिरवला त्यांनी,
आयुष्यात पहिल्यांदा पान्हा धरलेल्या हातानं,
दहाच्या दहा.
सहाव्या बोल्टाला आबांची मान थरथरली.
मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता वर गिअरबॉक्स दोन,
बेअरिंग, क्लचप्लेटा, काळं पडलेलं ग्रीस,
कुणीतरी सोडून गेलेलं हेल्मेट.
रात्री अकराच्या मालगाडीला
डबे तसूतसू पुढे सरकतात,
म्हणून कडेला सायकलची जुनी रिम
सरळ करून ठोकली आहे.
बाइकखाली उताणी झोपून काम करताना
वर वाचते : क्षित अंतर ठे.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
मी म्हणते, फळी.

महिन्यातून एकदा पान्हा घेऊन
पलीकडे जावं लागतं,
कारण नट ढिले होतात ते तिकडूनच.
कोकिळाबाई आधी चाळणी उतरवतात,
मग झारा, मग पळी,
मग पिठाचा हात पुसून विचारतात,
"आज कोनता?"
सहावा, मी सांगते.
दर वेळी सहावाच असतो.