बोटाएवढं

पहाटे जाळं ओढताना
हाताला आधी कळतं, मग डोळ्यांना.
मरळ असली तर दोरी धडधडते,
वांब असली तर नुसतं पाणी सरकल्यागत.
आणि हा असला की वाटतं
रात्रीतून कुणी जाळ्यात खडी भरून गेलंय.

संस्थेच्या वहीत त्याचं नाव सकर.
पोरं हेलिकॉप्टर म्हणतात.
पाठीला पत्रा, पोटाखाली तोंड,
आणि काटे असे की एक सोडवायचा
तर जाळ्याची चार घरं कापावी लागतात.
कौसा दुपारभर ती घरं पुन्हा विणते,
दातात सूत धरून, शिव्या गिळत.
मांजर येतं, हुंगतं, निघून जातं.
बाजारातून पाटी जशी गेली तशी परत.

चिलापी आली तेव्हाही
आम्ही असंच बोललो होतो म्हणा.
पुढं तीच विकून घरावर पत्रे टाकले.

दिगू सांगतो, शहरात
काचेच्या पेटीतलं शेवाळ चाटायला हा ठेवतात.
हातभर वाढला की पेटीत मावत नाही,
मारवतही नाही.
मग कुणीतरी पुलावर गाडी थांबवतं,
पिशवीची गाठ सोडतं,
जा बाबा म्हणतं.
त्या माणसावर मला धड रागावताही येत नाही.

नाईकवाडे मॅडम आल्या, संस्थेच्या शेडमध्ये
खताच्या गोणीवर बसल्या.
काठावर घ्या, वजन करा, खड्ड्यात पुरा.
परत सोडू नका.
तीनदा म्हणाल्या.
गंगाराम लिंबोऱ्यानं विचारलं, अन् लहान असला तर?
लहान तर मुळीच नाही.

शेडमध्ये कुणी बोललं नाही.
आमच्यात कायदा एकच होता,
तोही कुठं लिहिलेला नाही:
बोटाएवढं पाण्याचं, हाताएवढं आपलं.
दुष्काळात नदी आटली तेव्हा
आबानं डोहातली पिल्लं घागरीत भरून
खालच्या डोहात नेली होती, दोन कोस, अनवाणी.
घरी प्यायला पाणी नव्हतं.
आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.
ते डोह आता धरणाच्या पोटात,
कुठं ते मलाही दाखवता येणार नाही.

बाभळीखाली खड्डा खणला.
पहिल्या दिवशी चौदा किलो.
रात्री उठलो तर खड्ड्यातून आवाज,
पत्र्यावर नख ओढावं तसा.
बॅटरी मारली.
दिवसभर पाण्याबाहेर, वर ऊन,
तरी गालफडं हलत होती.
माती लोटली.
पायानं लोटली.
कौसाला सांगितलं, कुत्रं होतं.

आता रोजचंच झालंय.
वजनकाट्याशी उभं राहून
गंगाराम विड्या ओढतो, आकडा सांगतो,
मी वहीत लिहितो.
वांब मात्र पोळ्यापासून दिसली नाही.

आज शेवटच्या घरात एकच अडकला होता,
बोटाएवढा.
काटे अजून मऊ, ठिपके नुकते उमटलेले.
मी काही ठरवलं नव्हतं.
हात आपसूक तराफ्याबाहेर गेला,
पाण्यावर उलटा झाला, उघडला,
चाळीस वर्षं उघडतोय तसा.

पिल्लू पडेना.
तळव्याला तोंड लावून
घट्ट बसलं होतं.

काठावरून कौसा विचारते,
काय सापडलं?

थर्माकोलचा तराफा आपल्या आपण
हळूहळू फिरतोय.