एकच ओळ

तोर्सहाव्नच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
रानवा नावांचा रकाना झाकते.
उद्या हा तक्ता कोपनहेगनला जायचाय, संशोधनासाठी.
जन्मतारखा पुसल्या, उरलं नुसतं वय.
फोन नंबरांच्या जागी फुल्या.
नियमांच्या यादीत सगळीकडे बरोबरची खूण.

तरी सवयीनं ती विचारून बघते:
गाव गासादालुर, बाई, वय एक्क्याऐंशी.

उत्तर येतं. एकच ओळ.

त्या गावात घरं ती किती,
आणि एक्क्याऐंशीची म्हणजे सुन्नवाच,
जिनं हिच्या लग्नातल्या साखळीनाचात
पहाटेपर्यंत हिचा हात सोडला नव्हता.

पुढच्या रकान्यात आजार आहे.
रानवा काचेवर तळहात ठेवते.
सगळ्या किल्ल्या तिच्याच कमरेला;
कुंपणानं शेत खाऊ नये हे सगळेच म्हणतात,
कुंपणानं शेताकडे बघावं किती, ते कोणी सांगत नाही.

ती गाव खोडते, लिहिते: पश्चिमेची बेटं.
वय खोडते, लिहिते: पंचाहत्तरच्या पुढे.
पुन्हा विचारते.
दोनशे बारा.
गर्दीत म्हातारी हरवली. बरं झालं.

शनिवारी दुकानात, बटाट्यांच्या पोत्यापाशी
सुन्नवा गल्लेवाल्या पोराला मोठ्यांदा सांगत असते
आपलं दुखणं, गोळ्यांच्या रंगासकट,
डॉक्टरच्या नकलेसकट.
मग वळून म्हणते, तुला तर ठाऊकच असेल गं!

नाही, रानवा म्हणते,
आणि टोपली खाली ठेवून
ऐकायला उभी राहते.