आडवा दाब

उभा दाब सगळ्यांना कळतो :
डोक्यावरचं ओझं, छातीवरचा दगड.
हिल्ले मोजते तो दाब आडवा.
पाणी अंगावरून सरकतं
आणि जाता जाता थोडं ओढून नेऊ बघतं, तेवढाच.

तार्तू शहर, जानेवारी. चारलाच अंधार.
एमायगी वरून गोठलेली,
तिथल्या बोलीत आईनदी.
तळघरात काचेच्या दोन पट्ट्या, मध्ये केसाएवढी फट,
फटीत कुणा अनोळखी माणसाने
मागे ठेवलेल्या डोळ्याच्या पेशी,
फरशीसारख्या एकीला एक लागून.
वरून बनवलेले अश्रू.
पंप : ढकल, थांब. ढकल, थांब.
ही पापणी. मिनिटाला बारा निमिषं,
कारण माणसं साधारण तितकी मिटतात
आणि पडद्यासमोर बसली की विसरतात.

पाणी साचलेलं असलं की पेशी ऐसपैस पसरतात.
वाहू लागलं की पहिला तासभर काहीच नाही.
मग एकेक जण खाली पाय रोवते,
पोटातल्या तारा ताणून घेते,
बाजारातल्या बायका वाऱ्यात
हनुवटीखाली रुमालाची गाठ आवळतात, तशी.
फार जोर झाला तर सुटते. सुटली की गेलीच.
फार म्हणजे किती, हे शोधण्याचा हिल्लेला पगार.

एंडेल रात्रीचा पहारेकरी.
मागच्या हिवाळ्यात अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं,
तेव्हापासून डावी पापणी लवत नाही.
देवांचीही लवत नाही म्हणतात,
पण देवांना हीटरची कोरडी हवा सोसावी लागत नसावी.
तो दर थोड्या वेळाने तर्जनीने
पापणी खाली ओढतो, सोडतो.
म्हणतो, "घड्याळाला किल्ली देतोय."
डोळ्यांत तेल घालून राखण करणारा
हा एकच माणूस मला माहीत आहे :
रात्री दहाला, तांदळाएवढं मलम.

तिसऱ्या रात्री नळीत बुडबुडा आला.
एवढासा.
हवेची कड पाण्याहून धारदार.
तो पेशींवरून गेला आणि मागे
एक पट्टा उघडा पडला,
फावड्याने बर्फ सारलेल्या पायवाटेसारखा.
हिल्लेने जी शिवी दिली ती इथे नको.
सहा आठवड्यांचं काम होतं.

एंडेल पडद्याशी वाकला.
"भरून येईल?"
"येईल. पाणी बंद ठेवलं तर लवकर,
वाहतं ठेवलं तर उशिरा."
"मग बंद कर की."
तिचा हात बटणापर्यंत गेला.
"न हलणाऱ्या पाण्यातला डोळा
कुणाचाच नसतो, एंडेल."
"माझा होता," तो म्हणाला,
"हे बोट सुचेपर्यंत."

बटण राहिलं.
काठावरच्या पेशी एक पाऊल पुढे टाकत,
पाणी त्यांना आडवं रेटी,
त्या अर्धं पाऊल मागे येत आणि पुन्हा टाकत.
एंडेलने थर्मास उघडला, काळ्या मनुकांच्या पानांचा चहा,
साखर नेहमीसारखी जास्त.
हिल्लेने तक्ता भरायला घेतला. रकाने :
मिचकावणं, चोळणं, औषधाचा थेंब.
रडण्याला रकाना नाही.
तिने ऑगस्टमध्ये विचारलं होतं.
प्राध्यापक लेम्बित म्हणाले, प्रवाह अनियमित,
दोनदा सारखा येत नाही, सोडून द्या.
ऑगस्टमध्ये तिला ते पटलं होतं.

पहाटेपर्यंत पायवाट निम्मी बुजली.
निम्मी म्हणजे किती, तेही तिने मोजलं,
लाल डोळ्यांनी, दोनदा.
एंडेल वरचे दिवे मालवायला निघाला.
जिन्यात थांबला. बोट वर नेलं,
पापणी ओढली,
आणि या वेळी लगेच सोडली नाही.

खाली पंप.
ढकल, थांब.