आज न्हय

खाण बंद पडली तेव्हा मी नववीत होते.
पप्पांचा टिपर अंगणात उभा राहिला,
आधी आठवडाभर, मग पावसाळाभर,
मग त्याच्या आरशावर दोडक्याचा वेल चढला
आणि आईने दोडकी काढली, काही न बोलता.

डिचोलीच्या पलीकडे खड्ड्यात पाणी साचत गेलं.
आधी तांबडं, मग हिरवं, मग इतकं खोल
की पोरांना तिथे पोहायची बंदी.
त्याच पाण्यावर आता तीन हजार पॅनेलं तरंगतात
आणि मी हेल्मेट घालून होडीत बसते.
वल्ही इंदुमती मळीकच्या हातात.
पाणकावळ्यांची शीट धुवायचं काम तिच्या गटाकडे.
दर तिने सांगितला, घासाघीस मी केली,
हरले मीच.

उद्घाटनाचं सांगायचं राहिलं.

मांडव. मंत्री अकरा वाजता. समोशांचे बॉक्स.
फीत ताणलेली, कात्री ताटात, शेजारी हळदकुंकू.
इन्व्हर्टरच्या खोलीत झेफेरीना कुलासो
गुडघे टेकून मेगरच्या काट्याकडे बघत होती.
ती वीज खात्यात लागली त्या काळी
सबस्टेशनवर बायकांसाठी संडास नव्हता,
म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे.
हे मला तिने एकदाच सांगितलं,
आमच्या साइटचा नकाशा उलगडून,
त्यावरची पहिली पेन्सिलची चौकट दाखवत.

सातव्या रांगेचा काटा एकाच्या वर जाईना.
वरच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, मॅडम,
सातवी सोडून बाकीच्या चालू करू, कोणाला कळतंय?
कंत्राटदार म्हणाला, दमट हवा आहे, इथे असंच असतं.
मागून कोणीतरी म्हणालं,
बायका जरा जास्तच घाबरतात.

ती उठली. गुडघ्यावरची धूळ झटकली.
"सातव्या रांगेला लागून होडी जाते," म्हणाली,
"आज न्हय."
आवाज चढला नाही.
बाजारात बांगडे संपले, असं सांगावं
तेवढाच.

मंत्री बटण न दाबता भाषण करून गेले.
समोसे आम्ही दोन दिवस खाल्ले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत,
कारण ऊन पडलं की पॅनेल कोणाचं ऐकत नाही,
आम्ही तिघी पाण्यावर. कपाळाला दिवे, हातांत रबरी मोजे.
तिसऱ्या तराफ्याखाली सापडला:
अर्धवट बसलेला कनेक्टर,
आत खाणीच्या पाण्याचा एक थेंब.
तपासणीच्या कागदावर त्याच्यासमोर सही होती.
माझी.

मी सही वाचली. तिनेही वाचली.
इंदुमती वल्ही वर घेऊन दुसरीकडे बघत राहिली.
लांब रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला.
झेफेरीनाने नवा कनेक्टर माझ्या तळहातावर ठेवला
आणि आपला कान माझ्या बोटांजवळ आणला.
टिक.
"फुडलो," म्हणाली.
टिक.
झुंजुमुंजू होईस्तोवर एकोणसाठ.

अहवालात तिने लिहिलं:
विलंब एक दिवस. निर्णय माझा.
खाली सही. माझं नाव कुठेच नाही.
पण कागद पाठवायच्या आधी मला वाचायला दिला,
आणि मी वाचत असताना ती
खिडकीपाशी उभी राहून चहा पीत होती.

आता ती गुजरातेत आहे, आमच्यासारखे दहा तलाव
मावतील अशा वाळवंटावर.
किल्ल्या माझ्याकडे.
मयेच्या पॉलिटेक्निकमधून दोन मुली आल्यात,
त्यांना मी आधी पाणी प्यायला सांगते.
मग डोळे मिटायला.
मग ऐकायला.

पप्पा कधी कधी बांधावर येऊन उभे राहतात,
हात पाठीमागे, जुन्या चपला तांबड्या.
मीटरवरचा आकडा विचारतात
आणि मग, दर वेळी,
"एक मेगावॅट म्हणजे किती टिपर माल गो?"

मी पेन काढते.
दोघं मिळून हिशोब करत बसतो.
अजून लागलेला नाही.