खालचा डावा

धरमपेठेत एक बाई
बाळाच्या पावलाचा ठसा फ्रेममध्ये बसवून देते.
सोनेरी रंग, खाली नाव, साडेचार हजार.
प्रणोतीने फोनवर फोटो दाखवला.
मी म्हटलं, अन् मी काय धंतोलीत
इकतीस वर्षं भजे तळून राहिलो का?

एक्स-रेवाल्याच्या वर माझी लॅब.
इथे माणसं येत नाहीत, त्यांचे जबडे येतात,
अंकुशच्या स्कूटरवर, डब्यातून, ओल्या कापसात.
गजभिये काकूंचा वरचा. मुरकुटे मास्तरांचा खालचा.
यांतलं कोणीच मी पाहिलेलं नाही,
पण रात्री झोपेत दात कोण खातं, ते मला ठाऊक आहे.

पहिल्यांदाच कोणी अख्खं आलं जिना चढून,
आईच्या खांद्यावर,
बावीस दिवसांचं.

मे महिना. कूलर वाळ्याचा वास फेकत होता.
या उन्हात गुलाबी पावडर भांड्यातच आळते,
म्हणून माठातलं पाणी, वर बर्फाचा खडा.
मग वाटलं, इतकं गार, तिच्या तळव्याला?
बर्फ काढला.
मनगटावर थेंब टाकून पाहिला, दुधाचा पाहतात तसा.
तेवढ्यात पहिलं घाण गोळा होऊन वाया गेलं.
दुसऱ्या वेळी तिने बोटं मिटून घेतली.
तिसऱ्या वेळी लाथ.
मोठ्यांना डॉक्टर सांगतात,
नाकाने श्वास घ्या, हलू नका.
हिला काय सांगणार?
"बाबा, थांबा न जी. झोपू द्या तिला."

थांबलो.
मग ऐंशी सेकंद ते झोपलेलं पाऊल धरून होतो.
ऐंशी सेकंद मला घड्याळाशिवाय कळतात.
त्या दिवशी कळले नाहीत.
प्रणोतीनेच सांगितलं, "झालं असंल आता."

साच्यात पांढरं प्लास्टर ओतलं,
टिचक्या मारून हवा वर आणली.
प्लास्टर आळताना तापतं.
नवीन पोऱ्याला मी पहिल्याच दिवशी हे सांगतो,
घाबरू नको, रसायन आहे,
पाणी धरलं की ऊब सोडतं.
तरी साचा फाडून ते बाहेर निघालं
तेव्हा कोमट होतं
आणि मी ते टेबलावर ठेवलं नाही
गार होईपर्यंत.

टाचेवर एक दाणा.
असा दाणा दिसला की माझा हात आपसूक चाकूकडे जातो.
पण दवाखान्यात तिला टाचेलाच टोचलं होतं,
रक्ताच्या थेंबासाठी. तिथे खपली आहे.
बुडबुडा की खपली?
मोजा काढून पाहता आलं असतं.
चाकू खाली ठेवला.

माझ्या धंद्यात माप चुकलं की केस परत येते.
टोचतं. हलतं. जेवताना पडतं.
घासायचं, भरायचं, पुन्हा पाठवायचं.
हे माप तर आजच चुकायला लागलं आहे.
पुढच्या महिन्यात या दोघी बंगळुरूला.
दिवाळीपर्यंत यात अंगठासुद्धा नीट मावणार नाही,
आणि कोणी म्हणणार नाही, जरा घासून द्या.

बाकीचे दोन साचे फेका, प्रणोती म्हणाली.
मी हो म्हटलं.
ती खाली औषध आणायला गेली तेव्हा
दोन्ही भरून टाकले.

मग सवयीप्रमाणे बुडाला पेन्सिलीने लिहिलं,
तारीख, केस नंबर.
नावाची जागा कोरी, बारसं व्हायचं आहे,
आत्याला अजून तिकीट मिळत नाही.
आणि हात थांबायच्या आत पुढे लिहून गेला,
'खालचा डावा'.
प्रणोती इतकी हसली की पोट्टी जागी झाली.

संध्याकाळी अंकुश डबे न्यायला आला.
फळीवर जबड्यांच्या रांगेत
मिटल्या बोटांचं एक पाऊल.
"काका, हे कोणत्या डॉक्टरचं? कवा पोचवायचं?"
राहू दे, म्हटलं.
याची ट्रायल बाकी आहे.