खुडूक

खाणी बंद झाल्या त्या साली तुर्भ्याच्या डोंगराखाली
डंपरची धूळ बसली, चुलींचा धूरही बसला.
गायसमुद्रे मास्तर रात्रशाळेत गणित शिकवायचे.
मी कांदा-बटाटा मार्केटात दिवसभर वजनं करून
मागच्या बाकावर पेंगायचो.
एका रात्री त्यांनी गणित मिटलं
आणि एका काळ्या बाईची गोष्ट काढली.

समुद्रापलीकडची. कापूस वेचणाऱ्यांच्या घरातली,
आईबापांचं विसावं लेकरू.
मत देणार म्हणाली, तर मळ्यावरून हाकलली.
पुढे तुरुंगात मारली, आतून कायमची दुखावेल इतकी.
"एवढं सोसल्यावर तिने काय काढलं असेल?"
कुणी म्हणालं मोर्चा. कुणी म्हणालं पक्ष.
"तेही काढलं," मास्तर म्हणाले. "आणि एक बँक.
डुकरांची."

वर्ग हसला.
यल्लव्वा हसली नाही. नातवाला न्यायला दारात उभी,
हाताला घणाचे घट्टे,
वडाराची बाई, डुकरांवरून टोमणे ऐकतच मोठी झालेली.
"डुकरांची म्हंजे कशी?"

गाभण डुकरीण घरी न्यायची, सांभाळायची.
व्याली की पिल्लं तुमची,
डुकरीण परत, पुढच्या घराला.
मग मालकाने दाणा रोखला तरी
ताटात काहीतरी असतं,
आणि मत ज्याचं त्याच्याकडे राहतं.

यल्लव्वा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "त्या डुकरिणीचं नाव काय होतं?"
मास्तरांच्या पुस्तकात ते नव्हतं.

डुकरं आमच्याकडे चालणार नव्हती,
महापालिकेची गाडी फास घेऊन फिरायची.
पण कोंबडी खुडूक बसली तर तिला कोण उठवतो?
डालग्यात तूस, तुसावर अकरा अंडी.
पहिली कोंबडी यल्लव्वाची, तांबडी, उघड्या मानेची.
दुसरी मी आणली, तोलाईच्या पैशातून.
वही माझ्याकडे आली, कारण मला आकडे सरळ रेषेत लिहिता येत.

वहीत अजून आहे:
तिम्मक्का: नऊ पिल्लं, दोन घारीने नेली, कोंबडी परत.
दुर्गव्वा: सात पिल्लं, पोराच्या तापात तीन विकली, कोंबडी परत.
रंगप्पा: कोंबडी खाल्ली.

मी म्हणालो, याचं खातं बंद.
यल्लव्वाने वहीवर पंजा ठेवला.
"खाल्ली म्हंजे भूक होती.
भुकेला दंड लावायचा तर खाणमालक काय वाईट होता?"
रंगप्पाला दुसरी दिली.
तीही त्याने खाल्ली.
तिसरी दिली तेव्हा मात्र ती रोज संध्याकाळी
त्याच्या दारात जाऊन शिव्या घालत कोंबडी मोजायची.

मग एका उन्हाळ्यात मानमोडी आली.
आठ दिवसांत एकोणीस खाती कोरी.
त्या पानावर मी काही लिहिलेलं नाही.
नेरूळहून तीन तलंगा आणल्या त्या पुढच्या पानावर आहेत.

आता समोर बावीस मजल्यांची इमारत उभी आहे.
आमचा कोंबडा पहाटे आरवतो अशी त्यांची लेखी तक्रार आहे,
ती मी वहीत चिकटवून ठेवली आहे.
मास्तर नाहीत. यल्लव्वाला नीट दिसत नाही,
पण प्रत्येक कोंबडीला ती नाव ठेवते आणि मला लिहायला लावते.
"लिही. उद्या कुणी विचारलं तर?"

आज डालग्यात बसली आहे ती शेवंती.
हात घालू नका, टोचते.