काटा

दिवसभर मी जिनिंगच्या काट्यावर असतो.
भरली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक कापूस.
संध्याकाळी दुसरा काटा बघतो,
जुन्या फियाटचा, बोटभर काचेतला.
वणेचा पूल ओलांडला की तो चढतो.

पाणी पूर्ण. होज धड.
पट्टा अंगठ्याने दाबला : अर्धा इंच, बरोबर.
थर्मोस्टॅट काढून दुधाच्या गंजात उकळला,
उघडला बिचारा वेळेवर.
तो गंज कुंदाने पुन्हा घरात घेतला नाही.
मुनीर मिस्त्री म्हणाला, "हेड उतरवा लागते, भाऊ."
हेड म्हणजे साडेचार हजार.
म्हटलं, पाहू.

रविवारी बॉनेट उघडून नुसताच बसलो.
इंजिन टिकटिक करत निवत होतं.
सहज रेडिएटरच्या मागून टॉर्च मारला,
पुढून उजेड आलाच नाही.

जाळीच्या फटीफटीत कापूस.
तीन हंगामांचा, फुफाट्यात मळलेला,
गोधडीत दाबून भरावा तसा.
मी रोज गाडी लावतो त्या निंबाखाली
जिनिंगचा पंखा श्वास सोडतो.
इतके क्विंटल मोजले आजवर,
हा मूठभर
एकाही पावतीवर नव्हता.

दात घासायचा ब्रश, भुवईचा चिमटा,
कुंदा टॉर्च धरून उभी.
शेवटचा बोळा तिने तळहातावर घेतला :
"याचं वजन करा न आता."

मग पूल ओलांडला.
काटा अर्ध्यावर आला, थबकला.
पुढचे चार मैल
मी रस्त्याकडे कमीच पाहिलं.